पहिला हात

महादेवप्पा मास्तर लातूरच्या एका तंत्रशाळेत बत्तीस वर्षे नकाशे काढायला शिकवीत होते. निवृत्त झाल्यावर मापायला भिंती उरल्या नाहीत, म्हणून आधी सुट्टीत चालणारे शब्द मापण्याचे काम त्यांनी पूर्णवेळ घेतले. त्यांच्या खोलीत पत्र्याच्या तीन पेट्या होत्या आणि पेट्यांत पोस्टकार्डाच्या आकाराची अकराशे सत्तर कार्डे. एका कार्डावर एक वनस्पती. तिला कोण काय म्हणतो, कोणत्या गावी म्हणतो आणि कशाला वापरतो, एवढेच. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव.

पहिले कार्ड मात्र कोणत्याही एका झाडाचे नव्हते, ते ‘औषधी’ या शब्दाचेच होते. निलंग्याकडचा शेतकरी झाडपाला म्हणतो, उदगीरच्या मोंढ्यातला व्यापारी काष्ठौषधी म्हणतो, अत्तार जडीबूटी म्हणतो, सीमेपलीकडून आलेला कानडी पाहुणा गिडमूलिके म्हणतो. मुखेडच्या आठवडी बाजारात मास्तरांनी एका म्हातारीला “औषधी वनस्पती ठेवता का?” असे शुद्ध भाषेत विचारले, तेव्हा तिने शेजारच्या किराणा दुकानाकडे बोट दाखवले होते. वनस्पती म्हणजे तिच्या लेखी डब्यातले तूप. मास्तरांनी तेही तारीख घालून लिहून ठेवले.

अकराशे सत्तर कार्डांपैकी एकच कोरे होते. त्याच्या माथ्यावर ‘कावीळ, कोनाळवाडी, सिद्धम्मा’ एवढे लिहिलेले होते आणि खाली नऊ वर्षे काहीच नव्हते.

नऊ वर्षांपूर्वी, भूकंपानंतरच्या हिवाळ्यात, तंत्रशाळेने मास्तरांना विद्यार्थ्यांसह निलंगा तालुक्यात पडक्या घरांच्या नोंदी करायला पाठवले होते. कोनाळवाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये महिना काढता काढता त्यांचे डोळे पिवळे झाले. शिबिरातल्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. शेजारच्या शेडमधली सिद्धम्मा मात्र तीन रविवार पहाटे आली आणि हिरव्या पाल्याची सुपारीएवढी गोळी ताकातून देऊन गेली. मास्तर बरे झाले. गुण विश्रांतीचा की गोळीचा, हे त्यांनी आजतागायत ठरवलेले नाही. पुराव्याशिवाय ठरवणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त विचारले होते, “सिद्धम्मा, कोणता पाला हो हा?”

“नाव सांगितलं की गुण जातो, मास्तर,” ती म्हणाली होती. “येकाला देऊन ठेवलं होतं. महानंदाला. ती घरासंगट गेली.”

महानंदा तिची सून. तेव्हापासून औषध देणारी तेवढी एकटी सिद्धम्मा उरली होती आणि मास्तरांच्या मनाने घेतले होते, की उद्या ते औषध आपल्याच हाती येणार. ते त्यांना न्यायाचेही वाटे. दोघांच्या गळ्यात लिंग होते, उदगीरच्या एका घरावरून लांबचे नातेही निघत होते. वर्षातून तीनदा मास्तर कोनाळवाडीला जात. कधी शेरभर साखर, कधी दिवाळीचे इरकली लुगडे, कधी डोळ्यांत घालायचे थेंब नेत. दर खेपेला जाताना विचारत. दर खेपेला ती हसून म्हणे, “बघू की.”

त्या ‘बघू की’वर मास्तरांनी नऊ वर्षे काढली होती.

*

२००२ सालच्या श्रावणात त्यांचा पुतण्या अमरनाथ घरी आला. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत शिकवण्या निघाल्या होत्या. घरमालक गच्चीवर पत्रे टाकून बाहेरगावच्या पोरांना जागा देत होते आणि जिथे मोकळी भिंत दिसेल तिथे कुणाच्या तरी शिकवणीचा पहिला आलेला विद्यार्थी जाहिरातीतून हसत होता. अमरनाथ जीवशास्त्र शिकवी. एका तुकडीत तीनशे मुले, दिवसाला पाच तुकड्या. त्याला काकांच्या कार्डांचे पुस्तक काढायचे होते.

“दोन हजार प्रती, काका. प्रत्येक पोराच्या हातात. वरती तुमचं नाव. पण एक गोष्ट अशी पाहिजे, की जी दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात नाही.”

“मापून लिहिलेलं पुस्तक दुसरं कुठाय?”

“ते मला कळतं. पोरांच्या बापांना कोण सांगणार?” अमरनाथने पेटीतले ते कोरे कार्ड बरोबर उपसून काढले. “हे. सगळ्या होस्टेलांत कावीळ पसरलीय. कोनाळवाडीचं औषध म्हटलं, की बिदरपासून माणसं येतात. हे पान भरून द्या, दसऱ्याला छापायला टाकतो. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.”

पुन्हा ‘बघू’. मास्तर सदुसष्ट वर्षांचे होते. त्यांनी कार्ड हातातून काढून घेतले, त्याचा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि म्हणाले, “दसऱ्याला देतो.”

*

आता नजीर अत्ताराविषयी सांगितले पाहिजे, कारण मास्तरांच्या मनात जे पेटले, त्याचे सरपण तोच होता.

नजीरचे जडीबुटीचे दुकान उदगीरच्या जुन्या बाजारात. आजोबांपासून चालत आलेले. भिंतभर लाकडी खण, एकावरही चिठ्ठी नाही. मास्तर तिथे वीस वर्षे जात, निवृत्तीनंतर दर गुरुवारी, आणि काउंटरच्या टोकाशी स्टुलावर बसून लिहून घेत. कार्डांतली निम्मी नावे त्या स्टुलावरच मिळाली होती. हे मास्तर मान्य करत. पण मान्य करताना त्यांना दर वेळी दाताखाली खडा आल्यासारखे होई.

भाद्रपदातल्या त्या गुरुवारीही ते स्टुलावर बसले होते. एक बाई आली नि म्हणाली, “भाई, ते पोराला उगाळून देत्यात ना, ते वाकडं.” नजीरने मागे न बघता हात नेला आणि मुरडशेंग काढली. मुखेडकडचा एक शेतकरी आला. त्याने नुसता स्वतःचा खांदा दाबून दाखवला. “जुवानं सोललंय बैलाचं?” नजीर म्हणाला, “हळद घरचीच घाल. हे यात मिसळ.” मग लातूरहून माहेरी आलेली एक जरीच्या काठाची बाई पुढे सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “बारावीचं आहे का?”

“पोरगं हाय का पोरगी?”

“मुलगी.”

“मग कमी लागतं,” नजीर गंभीरपणे म्हणाला. त्याने ब्राह्मीची पुडी बांधली. “आणि रात्री झोपू द्या तिला. झोपेची पुडी आपल्याकडं न्हाई.”

बाई हसत गेली. मास्तरांना हसू आले नाही. त्यांनी डायरीत ‘बारावीचे = ब्राह्मी, उदगीर, स्त्री’ असे लिहिले. लिहिता लिहिता त्यांच्या मनात आले, की आपण वीस वर्षे ज्याच्यामागे वही घेऊन फिरतो आहोत, ते याच्या बोटांत आहे, आणि ते आहे याची याला फिकीरही नाही. विद्वान म्हणून कुणी याला हार घालत नाही. पण माणसे अर्धा शब्द घेऊन येतात आणि पूर्ण वस्तू घेऊन जातात. आपल्याकडे पूर्ण शब्द घेऊनसुद्धा कुणी येत नाही.

“क्या मास्तर,” नजीर खणाला फडके मारीत म्हणाला, “आज लई गप हाव. शबद संपले का जगातले?”

“एक राहिलाय. कोनाळवाडीचा.”

“अरे हाव, बरी याद दिली. शनिवारी दुकान बंद हाय बरं का. कोनाळवाडीलाच जाऊन राहिलो.”

मास्तरांची लेखणी थांबली. “तुम्ही? कशाला?”

“बुढीनं सांगावा धाडला. बाजाराला आली की आपल्याच दुकानात टेकायची. डोळे गेले म्हणती आता. ये म्हणली, तुझा हात पाहिजे.” नजीरने खांदे उडवले. “काय वाटायचं-कुटायचं असंल.”

“तुम्ही तिला विचारलं होतं? औषधाचं?”

“मी? मी कशाला विचारू? तिची चीज तिच्याजवळ.”

मास्तरांनी डायरी मिटली. परतीच्या एस.टी.त खिडकीला डोके टेकून त्यांनी मनात तक्ता मांडला. आपल्या खेपा सत्तावीस. नजीर त्या गावी गेला असेल तीनदा, तेही लग्नाच्या वऱ्हाडातून. आपण नेलेली साखर, आपण नेलेले लुगडे, आपण लावून दिलेली निलंग्याच्या दवाखान्यातली तपासणी. नजीरच्या नावावर काय? काहीच नाही. तरी बोलावणे त्याला. तक्ता कोणत्याही बाजूने मांडला तरी बेरीज जुळेना आणि जसजशी ती जुळेना तसतसा मास्तरांच्या घशात एक कडू घोट वरखाली होऊ लागला. घरी पोहोचेपर्यंत त्यांनी ठरवले होते, की शनिवारी नजीरच्या आधी आपण तिथे असायचे.

*

शनिवारी दुपारी मास्तर कोनाळवाडीत उतरले. नवे गाव जुन्या गावापासून दोन फर्लांगावर वसवलेले. सिमेंटची एकसारखी घरे, सरळ रांगा, दारांवर क्रमांक. मास्तरांना ती मांडणी आवडे, सिद्धम्माला कधीच आवडली नाही. घरात शिरताना ती अजूनही उजवीकडे वळे, कारण जुन्या घरात चूल उजवीकडे होती, आणि दर वेळी भिंतीवर हात आपटून परत फिरे.

“बर्री, कूड्री,” तिने पावलांच्या आवाजावरून ओळखले. “या, बसा मास्तर. साखर आणली असंल.”

“आणलीय.”

“तुमचं येणं म्हंजे साखर आणि सवाल. साखर ठेवा. सवाल बी ठेवा.”

“सवाल नाही आज. फक्त एक सांगा. औषध कशाला म्हणायचं? एवढं तरी लिहू द्या.”

सिद्धम्माने साखरेची पिशवी चाचपून गाठ घट्ट केली. “रानात हाय तोवर तण. शेतवाला येसवंतराव खुरपं घेऊन येतो, काढतो, बांधावर फेकतो, त्याला पाप न्हाई. आदल्या सांजेला हळदीचे तांदूळ टाकून म्हणायचं, उद्या चल बाई, गरज हाय. तवा ते औषध. पोटात गेलं की पुन्हा काई न्हाई.”

मास्तरांनी ते शब्दशः उतरून घेतले. आमंत्रणाचा रिवाज त्यांच्या कार्डावर आधीच होता: उपटताना बोलायचे नाही, सावली पडू द्यायची नाही, लोखंड लावायचे नाही. पण ‘तण’ आणि ‘औषध’ ही एकाच रोपाची दोन नावे असतात, हे त्यांना नवे होते. क्षणभर त्यांचे मन निवळले. मनात आले, ही आपल्याला एवढे सांगते आहे, तर पुढचेही सांगेल.

इतक्यात दारात नजीर उभा राहिला. हातात काहीही नव्हते, साधी पिशवीसुद्धा नाही.

“आला का माझा नजीर!” सिद्धम्मा उठलीच. “मास्तर, तुमी चा घ्या. शेजारची करून देईल. आमी येतो बांधावर जाऊन.”

“मीही येतो की.”

“तुमी बसा.”

ते दोन शब्द मास्तरांच्या कानशिलात जाऊन बसले. त्यांनी चहा घेतला, अर्धा ठेवला. समाजमंदिराच्या ओट्यावर उद्याच्या औषधासाठी माणसे जमू लागली होती. सतरा मोजली त्यांनी. मुखेडचा बसवंत नावाचा तरुण धाकट्या भावाला घेऊन आला होता. भावाचे डोळे हळदीने सारवल्यासारखे होते, मान बसवंतच्या खांद्यावर. “आठ दिस झाले, सर,” बसवंत म्हणाला. “लातूरला शिकवणीला होता. डॉक्टर म्हणले घरी न्या, जपा. आई म्हणली आधी कोनाळवाडी.”

मास्तर हूं म्हणाले, पण त्यांचे लक्ष जुन्या गावाच्या वाटेकडे होते. थोड्या वेळाने ते फिरायला निघाल्यासारखे उठले.

जुन्या गावाच्या ढिगाऱ्यांवर आता वेडी बाभूळ माजली होती. वेशीच्या उरलेल्या दगडामागे उभे राहून मास्तरांनी पाहिले. सिद्धम्मा बांधाला उकिडवी बसली होती, पुटपुटत होती, मुठीतले पिवळे तांदूळ सोडत होती. नजीर दहा पावले मागे, दोन्ही हात पोटावर बांधून, मान खाली घालून उभा होता. मशिदीत उभा राहावा तसा. मग दोघे परतले. जाताना सिद्धम्माने आधारासाठी त्याचा दंड धरला होता आणि काहीतरी सांगत होती. नजीर हसला.

ते हसू मास्तरांनी पाहिले नसते, तर कदाचित ते तसेच माघारी गेले असते.

दोघे नजरेआड होताच ते बांधावर आले. दिवस मावळला होता, पण उजेड होता. तांदळाचे दाणे एका रोपाच्या बुडाशी स्पष्ट दिसत होते. मास्तर खाली बसले आणि रोपाकडे पाहून त्यांना हसावे की रडावे कळेना. ते रोप पेटीतल्या एका जुन्या कार्डावर होते; दुसऱ्या कामासाठी, दुसऱ्या गावाच्या नावाने. लातूरच्या त्यांच्या स्वतःच्या गच्चीतल्या कुंडीत ते आपोआप उगवे आणि ते उपटून टाकीत. त्याचे नाव इथे देत नाही. का देत नाही ते पुढे कळेल.

पाहणे पुरेसे होते. पण मास्तर नमुन्याशिवाय नोंद करणारे नव्हते. त्यांनी कार्डावरचे तिन्ही नियम काटेकोर पाळले. तोंड मिटले. सावली पडायला ऊन नव्हतेच. खिशातला चाकू खिशातच ठेवून नखाने, पेऱ्याच्या बरोबर खाली, पाने आणि फळ दोन्ही येतील अशा बेताने त्यांनी एक डहाळी खुडली आणि डायरीत दाबली. नाव लिहिले. पेन टोपणात बसवताना त्यांना आत गार वाटले. उद्या नजीरला जे मिळेल, ते आज आपल्या खिशात होते.

*

रविवारी तांबडे फुटायला सगळे बांधाकडे निघाले. पुढे सिद्धम्मा आणि नजीर, मागे माणसे. मास्तरही होते, गैरहजर राहणे अधिक डोळ्यांत आले असते. बोलायचे नाही म्हणून सगळे मुके. माणसांना अंतरावर थांबवून सिद्धम्माने खुणेने नजीरला पुढे जायला सांगितले.

नजीर वाकला आणि हात न लावताच थबकला. त्याने तुटलेले पेर निरखले. मग मान वळवून त्याने थेट मास्तरांकडे पाहिले.

मास्तरांना कळले. डहाळी ओढलेली नव्हती, चावलेली नव्हती. पेऱ्याखाली एक सरळ, स्वच्छ छेद होता. असा नमुना घेणारा माणूस नजीरच्या ओळखीत एकच होता. नजीरच्याच दुकानात स्टुलावर बसून मास्तरांनी ओल्या पाल्याचे शंभर नमुने असेच घेतले होते.

“अम्मा,” नजीर उठून म्हणाला, “बोलावं लागून राहिलं. बकरीनं तोंड लावलं वाटतं.”

मागे कुजबुज झाली. सिद्धम्मा होती तिथेच मातीत बसली.

“बकरी? नक्की?”

“हाव.”

“मग मोडलं आमंत्रण,” ती म्हणाली. “आज औषध न्हाई.”

“आजी, असं नका म्हनू,” बसवंत पुढे आला. “पाच तास गाडीत बसून आनलंय याला. दुसरं रोप न्हाई का? इथं तर—”

“दुसरं तण हाय, बाबा. न बोलावता कसं आणू?” तिने नजीरच्या दिशेने हात लांबवला. “तुला कशाला बोलावलं, सांगते आता. मला दिसत न्हाई. महानंदा गेली. कुणाच्या तरी हातात द्यायचं होतं आणि हे नाव सांगून देत न्हाईत. बोलावलेल्या झाडाला ज्याचा पहिला हात लागंल, त्याचं औषध. माझ्या सासूनं माझा हात धरून लावला, मी महानंदाचा. आज तुझा लावणार होते.”

“माझा कशाला, अम्मा? मी लिंगायत बी न्हाई.”

“कावीळ विचारती का लिंगायत हाय का म्हणून? तू कधी मागितलं न्हाईस. मागणाऱ्याला दिलं, की तो इकतो न्हाईतर मिरवतो.”

मास्तरांना वाटले सगळ्यांच्या नजरा आपल्यावर वळल्या. प्रत्यक्षात कुणी पाहिले नव्हते. सत्तावीस खेपांचा हिशेब त्या एका वाक्याने पुसून गेला.

“आणि माणसाचा हात लागला असता, तर?” बसवंतने विचारले. तो फक्त भावासाठी विचारत होता.

“तर त्याचं. चोर असो न्हाईतर साव. झाडाला काय ठाव? त्याच्या हातानं आज देता बी आलं असतं.” सिद्धम्माने गुडघ्यावर हात टेकले. “पर बकरीला काय वारस करायचं? जाऊ द्या. मोडल्यावर मधला गुरुवार सोडावा लागतो. पुढच्या शनवारी सांजेला पुन्हा तांदूळ टाकू. नजीर, येशील न्हवं?”

“येतो,” नजीर म्हणाला. मास्तरांकडे पाहणे त्याने आता कटाक्षाने टाळले.

हीच गोष्ट मास्तरांना सोसवेना. नजीरने त्यांची चोरी पाहिली आणि झाकली; मोबदल्यात काही मागणार नव्हता, कधी बोलूनही दाखवणार नव्हता. पुढच्या गुरुवारी दुकानात तसाच ‘क्या मास्तर’ म्हणेल, तसेच स्टूल पुसून देईल. आणि त्याच्या पुढच्या रविवारी ते औषधही त्याचेच होईल. आपल्याकडे उरेल एक नाव, दोन हजार प्रतींत छापलेले, आणि त्या नावाचा गुण गेलेला. गप्प राहिले तर पुस्तक आपले, औषध त्याचे, आणि वर हे उपकार!  बसवंतच्या भावाचा पिवळा चेहरा त्यांना दिसत होता. पण खरे सांगायचे तर ते बोलले ते त्या चेहऱ्यासाठी नव्हे.

“बकरी नव्हती,” ते म्हणाले. “मी तोडली.”

कुणीतरी “आँ?” म्हणाले. मास्तरांनी डायरी उघडून दाबलेली डहाळी बाहेर काढली. “काल सांजेला. लपून. पहिला हात माझाय.”

सिद्धम्माने हात पुढे केला. त्यांनी डहाळी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती हुंगली, छेदावरून अंगठा फिरवला.

“नखानं तोडली,” ती म्हणाली. “लोखंड न्हाई लावलं.”

“नाही.”

“बोलला?”

“नाही.”

“सगळं पाळलं आणि चोरी केली.” ती हसली की खोकली, कळले नाही. “अय्यो शिवने! साखर खाऊ घालून घालून शेवटी हिसकावूनच घेतलंत, मास्तर.”

बसवंतने मात्र लगेच हात जोडले. “मग आज देता येतं न्हवं, आजी? तुमीच म्हनला.”

“येतं. देतील की.” तिने तोंड मास्तरांच्या आवाजाकडे वळवले आणि तिचा स्वर बदलला, आता ती थट्टा करत नव्हती. “ऐका. दर आइतवार आणि गुरुवार. उपाशी पोटी. आलेल्याला न्हाई म्हणायचं न्हाई, मग तो तुमच्या दारचा वैरी असो. पैसा, नारळ, चहाचा कप बी घ्यायचा न्हाई. डागदराकडं जाऊ नको म्हणायचं न्हाई. आणि नाव तोंडातून न्हाई, कागदावर न्हाई. लिवलंय का कुठं?”

मास्तरांच्या डोळ्यांसमोर अमरनाथ आला, दसरा आला, मुखपृष्ठावरचे स्वतःचे नाव आले.

“लिहिलंय,” ते म्हणाले.

“मग?”

त्यांनी डायरीचे पान फाडले. तंत्रशाळेतल्या शिस्तीने, पट्टी लावल्यासारखे सरळ. बारीक तुकडे करून ते कुठे टाकावेत कळेना, तेव्हा सिद्धम्मा म्हणाली, “तोंडात टाका.” मागे एक पोरगी फिसकन हसली. मास्तरांनी सतरा माणसांसमोर तो कागद चावून गिळला. शाईची चव तुरट लागली.

नजीरने गंभीर चेहऱ्याने मान लववली. “मुबारक, मास्तर.”

त्या शब्दात टोमणा आहे का, हे मास्तरांनी पुष्कळ शोधले. सापडला नाही, याचाच त्यांना राग आला.

*

उन्हे घराच्या भिंतीवर आली तेव्हा मास्तर सिद्धम्माच्या अंगणात पाट्यासमोर मांडी घालून बसले होते. सदरा भिजला होता, गुडघे कुरकुरत होते. पाल्याचा रस मनगटापर्यंत ओघळला होता. रांगेत पुढे बसवंतचा भाऊ होता. त्याने पिवळ्या डोळ्यांनी मास्तरांच्या हातांकडे असे पाहिले, जसे आजवर कुणीच पाहिले नव्हते. मास्तरांच्या मनात काहीतरी हलले. पण ते काय, हे बघायला सवड नव्हती. रांग अजून लांब होती.

“अम्मा, निघतो. सातची गाडी हाय,” नजीर म्हणाला.

“बसला असतास.”

“बाजाराचा दिवस हाय. दुकान उघडायचंय.”

तो निघाला. मास्तरांनी वरवंटा थांबवून पाहिले. नव्या गावाच्या सरळ रस्त्याने नजीर चालला होता. मध्येच थांबून त्याने एका कुत्र्याला हाड म्हटले, कुणाच्या तरी ओट्यावरच्या म्हाताऱ्याला हात केला, शीळ घातली. दर गुरुवारी आणि दर रविवारी याला कुठेही बांधून घातलेले नव्हते. उद्या तो उठेल तेव्हा त्याच्या मनात काहीही नसेल. वाटेला लागलेल्या माणसाची चाल इतकी हलकी कशी असू शकते, आणि ज्याच्या हातातोंडचे आपण काढून घेतले, त्याच्या पाठीकडे बघताना आपल्याला पुन्हा तोच कडू घोट का यावा, याचा मास्तर विचार करू लागले.

“मास्तर,” सिद्धम्मा पाठीमागून म्हणाली, “वरवंटा थांबलाय. तिकडं काय बघून राहिले?”

“काही नाही.”

“मग वाटा. बारीक वाटा, पोराला गिळवत न्हाई. आणि बुधवारी सांजेच्या आत या, गुरुवारचे तांदूळ टाकायला.”